रस्त्याचे माप

२७ फेब्रुवारी २०२५ रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने इंदूरच्या आग्रा-मुंबई रस्त्यावरील बीआरटीएस, म्हणजे बसगाड्यांसाठी राखून ठेवलेली स्वतंत्र मार्गिका, काढून टाकण्याचा आदेश दिला. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंतचा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा हा मार्ग १० मे २०१३ रोजी सुरू झाला होता. म्हणजे त्याला बारा वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच्याविरुद्धच्या याचिका मात्र जवळजवळ त्याच्याइतक्याच जुन्या होत्या. मार्ग हटविण्याचा मानस राज्य शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्येच जाहीर केला होता, आणि न्यायालयासमोर तज्ज्ञ समितीचा अहवालही आला होता.

त्या निर्णयाची योग्यायोग्यता ठरविणे हा या लेखाचा हेतू नाही. आम्हांस कुतूहल आहे ते त्याच्या मागे असलेल्या एका जुन्या प्रश्नाचे. एखादा रस्ता कोंडला आहे किंवा सुटला आहे, हे कोणत्या मापाने ठरते? त्या मापात काय मोजले जाते, आणि काय मोजायचे राहून जाते? ज्वराला तापमापक आहे, धान्याला तराजू आहे. रस्त्याच्या कोंडीला असे सर्वमान्य माप नाही. गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या पिढ्यांनी निरनिराळी मापे हाती घेतली, आणि ज्याने त्याने आपल्या मापाला साजेसे शहर घडविले. या मापांच्या इतिहासात इंदूर, बडोदे, नागपूर, पुणे ही आपल्या परिचयाची गावे वारंवार भेटतात, म्हणून तो इतिहास आमच्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

पायी फिरून केलेली पाहणी

स्कॉटलंडचा पॅट्रिक गेडिस हा शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये तो नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात आला आणि पुढची सुमारे दहा वर्षे त्याचे येथे येणेजाणे व वास्तव्य राहिले. बडोदे शहराच्या विकासाविषयीचा त्याचा अहवाल १९१६ चा. होळकर दरबारासाठी लिहिलेला इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील त्याच्या कामांत तो सर्वांत विस्तृत मानला जातो. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्याला समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक नेमले.

त्या काळी शहरसुधारणेची रूढ रीत सरळ होती. दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ता आखायचा आणि आड येईल ते पाडायचे. प्लेगच्या भयाने या रीतीला आरोग्याचा आधार मिळाला होता. गेडिसने तिला विरोध केला. त्याचे म्हणणे असे, की उपचारापूर्वी निदान हवे आणि निदानापूर्वी पाहणी हवी. ही पाहणी तो नकाशावर करीत नसे. गल्लीबोळांतून पायी फिरून करीत असे. विहीर कोठे आहे, बायका पाण्याला कोणत्या वाटेने जातात, मुले कोठे खेळतात, देवळासमोरच्या झाडाची सावली कोणाच्या उपयोगाची आहे, हे पाहून मग कोणती भिंत चार हात मागे घेतली असता वाट मोकळी होईल, हे तो ठरवी. थोडे कापून पुष्कळ वाचवावे, असा या पद्धतीचा सारांश सांगता येईल.

इंदुरातील त्याची एक युक्ती पुढे फार गाजली. दिवाळीच्या मिरवणुकीचा नेहमीचा मार्ग बदलून, ज्या रस्त्यांवरच्या रहिवाशांनी आपली घरे व अंगणे सर्वांत अधिक स्वच्छ केली असतील त्या रस्त्यांवरून ती नेण्यात येईल, असे त्याने जाहीर करविले. गल्लीगल्लीत चढाओढ लागली आणि गावातून कचऱ्याच्या गाड्या भरभरून बाहेर गेल्या. आजच्या भाषेत बोलायचे तर गेडिसने नागरिकांपुढे एक उद्दिष्ट ठेवले, त्याची कसोटी उघडपणे सांगितली, आणि ती पार करणाऱ्याला मान दिला. एक शतक उलटल्यावर, २०१७ पासून, स्वच्छ सर्वेक्षणात हेच इंदूर वर्षामागून वर्ष देशात पहिले येत राहिले. उद्दिष्ट स्पष्ट असेल आणि माप सर्वांस कळण्याजोगे असेल, तर शहर ते गाठू शकते, हे या गावाने दोनदा दाखवून दिले आहे. मग वाहतुकीच्या बाबतीत तसे का होऊ नये? याचे उत्तर शोधण्यासाठी गेडिसची पायवाट सोडून अभियंत्यांच्या रस्त्यावर यावे लागते.

लांबीचे उद्दिष्ट

पहिल्या महायुद्धानंतर या देशात मोटारी वाढू लागल्या, आणि बैलगाड्यांसाठी बांधलेले खडीचे रस्ते त्यांच्याखाली उखडू लागले. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून त्यांची ओळख आपणांस अधिक. परंतु हिंदुस्थानच्या रस्त्यांचा इतिहास लिहिताना पहिले नाव त्यांचेच घ्यावे लागते. १९२८ च्या अहवालात समितीने असे प्रतिपादन केले, की रस्त्यांचा विकास हा प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेला असून तो राष्ट्रीय जिव्हाळ्याचा विषय समजला पाहिजे. त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचे उत्पन्न रस्त्यांना द्यावे. त्यातून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. अभियंत्यांनी एकत्र बसून अनुभवाची देवघेव करावी यासाठी १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. या संस्थेचे नाव लक्षात ठेवावे, कारण आपल्या शहरांतील रस्त्यांची मापे पुढे तिनेच ठरविली.

डिसेंबर १९४३ मध्ये निरनिराळ्या प्रांतांचे व संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची एक योजना आखली. तीच प्रसिद्ध ‘नागपूर योजना’. दर शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रामागे सोळा किलोमीटर रस्ता, हे तिचे उद्दिष्ट. आणि शेतीप्रधान भागातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून ठरावीक अंतराहून दूर राहू नये, हे तिचे सूत्र. हे उद्दिष्ट मुदतीपूर्वीच साध्य झाले. त्यानंतर १९६१ च्या मुंबई योजनेने ते दुप्पट केले.

गरीब, विस्तीर्ण आणि पावसाळ्यात चार महिने तुटून पडणाऱ्या देशासाठी हे माप योग्यच होते. रस्ता नव्हता, तेव्हा रस्त्याची लांबी मोजणे हेच शहाणपण होते. परंतु मापांना एक खोड असते. ज्या कामासाठी ती तयार झाली ते काम संपले तरी ती कचेरीतून उठून जात नाहीत. खेड्यांसाठी योजलेले लांबीचे माप पुढे शहरांनाही लागले. इतके किलोमीटर रुंदीकरण, इतके उड्डाणपूल, आणि आता इतके किलोमीटर मेट्रो, असा आपल्या शहरांचा जमाखर्च अजूनही मांडला जातो. बांधले किती, हे त्यावरून कळते. पोहोचले किती, हे कळत नाही.

मोटारीचे एकक

दुसरे माप अमेरिकेतून आले. १९३० नंतरच्या काही वर्षांत ब्रूस ग्रीनशील्ड्स या अभियंत्याने ओहायो राज्यातील रस्त्याकडेला चित्रपटाचा कॅमेरा उभा केला आणि ठरावीक अंतराने घेतलेल्या चित्रांवरून मोटारींचा वेग व त्यांच्यातील अंतर मोजले. १९३५ मध्ये त्याने आपला निष्कर्ष मांडला. रस्त्यावर मोटारी जसजशा दाटतात तसतसा त्यांचा वेग कमी होतो, हे कोणासही ठाऊक होते. ग्रीनशील्ड्सने त्याला प्रमाण दिले. त्यातून निघणारी एक गोष्ट मात्र सहज ध्यानात येत नाही. रस्ता अगदी रिकामा असतो तेव्हा वेग सर्वाधिक, पण त्यावरून जाणारी वाहने थोडी. रस्ता तुडुंब भरतो तेव्हा वाहने पुष्कळ, पण ती जागची हलत नाहीत. या दोन टोकांच्या मध्ये, बऱ्याच मंद वेगावर, रस्ता सर्वांत जास्त वाहने पलीकडे पोहोचवितो. म्हणून ‘वेग वाढविणे’ आणि ‘अधिकांना पोहोचविणे’ ही दोन उद्दिष्टे एक नव्हेत. पुढच्या अनेक वादांचे मूळ या भेदाच्या विस्मरणात आहे.

अमेरिकेत १९५० मध्ये रस्त्यांच्या क्षमतेची पहिली नियमपुस्तिका निघाली. १९६५ च्या आवृत्तीने रस्त्याच्या स्थितीला ‘अ’पासून ‘फ’पर्यंतच्या धर्तीवर सहा श्रेणी दिल्या. वाहने अडथळ्यावाचून धावत असतील तर पहिली श्रेणी, खोळंबली असतील तर शेवटची. निरनिराळ्या वाहनांची बेरीज करण्यासाठी मोटार हे एकक धरले गेले. आपल्याकडेही इंडियन रोड्स काँग्रेसने हीच रीत स्वीकारली. शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयीची तिची १९९० ची मार्गदर्शिका पाहावी. मोटारीचा भार एक. दुचाकीचा अर्धा ते पाऊण. सायकलीचा सुमारे अर्धा. टांग्याचा दीड ते दोन. हातगाडीचा दोन ते तीन. बसचा आणि ट्रकचा २.२ ते ३.७.

या तक्त्यापाशी क्षणभर थांबावे. टांगा, हातगाडी आणि सायकल यांना त्यात जागा आहे, म्हणजे तो परदेशी पुस्तकातून जसाच्या तसा उतरविलेला नाही. आपल्या रस्त्यांकडे पाहूनच बनविलेला आहे. रस्त्याची जागा कोण किती अडवितो, एवढेच त्याला सांगायचे आहे, आणि ते तो प्रामाणिकपणे सांगतो. परंतु त्यात माणूस नाही. पन्नास प्रवाशांची बस आणि रिकामी बस यांचा भार एकच. एकटा मालक बसलेली मोटार आणि पाच जणांचे कुटुंब नेणारी मोटार, दोन्ही एकच. बस म्हणजे अधिकात अधिक पावणेचार मोटारी, म्हणजेच रस्त्यावरचा अडथळा. पायी चालणाऱ्याला तर या तक्त्यात आकडाच नाही. तो हिशेबात येतो तो रस्ता ओलांडताना, वाहनांचा वेग कमी करणारे कारण म्हणून.

असा तक्ता हाती घेऊन कोणी चौकात उभा राहिला आणि त्याने सकाळच्या तासाची मोजणी केली, की उपाय आपोआप ठरतो. मोटार-एकके जास्त झाली, तेव्हा रस्ता रुंद करा. पदपथ अरुंद करा. झाडे काढा. १९६२ मध्येच अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते, की गर्दीच्या वेळेचा मोठा रस्ता वाढवावा तितका भरत जातो, कारण दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या वेळी किंवा दुसऱ्या साधनाने जाणारे लोक त्याच्याकडे वळतात. पण मोजणीच्या तक्त्यात ‘वळणारा माणूस’ हा रकाना नसल्याने ही गोष्ट कचेरीत पोहोचायला फार वेळ लागला.

रिकाम्या रस्त्याशी तुलना

तिसरे माप वेळेचे. प्रवासाला प्रत्यक्षात लागलेला वेळ वजा रस्ता मोकळा असता तर लागला असता तो वेळ, ही झाली दिरंगाई. आज जगातील शहरांच्या कोंडीच्या याद्या याच रीतीने बनतात. टॉमटॉम या कंपनीने २०१९ सालासाठी जी यादी काढली तीत बंगळूर ७१ टक्क्यांनी जगात पहिले होते. मुंबई ६५ टक्क्यांनी चौथी, तर पुणे ५९ टक्क्यांनी पाचवे. याचा अर्थ, मोकळ्या रस्त्यावर शंभर मिनिटे लागली असती तो प्रवास पुण्यात सरासरी एकशे एकोणसाठ मिनिटांचा होता. वृत्तपत्रांत हे आकडे ठळक छापले गेले. परंतु तुलना ज्या मोकळ्या रस्त्याशी, तो रस्ता मध्यरात्रीचा. आणि मध्यरात्रीचा वेग सकाळी साडेनऊला मिळावा इतके रस्ते कोणत्याही जिवंत शहराला परवडणार नाहीत. शिवाय मोजणी झाली ती मार्गदर्शक यंत्रे बाळगणाऱ्या वाहनांची. दाराशी लटकत जाणाऱ्या लोकलच्या प्रवाशाचा श्रम तीत नाही, आणि चालत गिरणगावातून जाणाऱ्याचाही नाही.

या मापाची मर्यादा लंडनइतकी स्पष्ट क्वचितच कोठे दिसली असेल. १७ फेब्रुवारी २००३ रोजी त्या शहराने मध्यभागात शिरणाऱ्या मोटारींवर रोज पाच पौंडांचा आकार बसविला. पहिल्या काही वर्षांत दिरंगाई सुमारे तीस टक्क्यांनी घटली आणि जगभर वाहवा झाली. २००७ च्या सुमारास मात्र दिरंगाई पुन्हा पूर्वपदावर आली. योजना फसली असे म्हणावे, तर मध्यभागात शिरणाऱ्या मोटारी, व्हॅन, मालगाड्या पूर्वीपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी कमीच राहिल्या होत्या. मग वेग कोठे गेला? जुन्या जलवाहिन्या बदलण्यासाठी रस्ते खणले गेले होते. आणि मोकळी झालेली पुष्कळशी जागा बसगाड्या, सायकली व पादचारी यांच्याकडे वळविली गेली होती. म्हणजे दिरंगाईच्या मापाने योजना फसली आणि माणसांच्या मापाने ती बऱ्याच अंशी साधली. घटना एकच, निकाल दोन.

इंग्लंडच्या शासनालाही हा भेद अनुभवानेच कळला. जुलै २००० मधील दहा वर्षांच्या वाहतूक योजनेत २०१० पर्यंत कोंडी २००० च्या पातळीखाली आणण्याचे वचन होते. दोन-अडीच वर्षांतच ते पाळता येणार नाही हे मान्य करावे लागले. पुढे मोठ्या दहा नागरी क्षेत्रांसाठी जे नवे उद्दिष्ट ठरले, त्यात ‘दर वाहनामागे’ऐवजी ‘दर माणसामागे’ वेळ मोजण्याचे ठरले, आणि बसमधील प्रवासी त्यात धरले गेले. प्रवास ४.४ टक्क्यांनी वाढला तरी दर मैलाचा वेळ ३.६ टक्क्यांहून अधिक वाढू नये, असे ते विनम्र उद्दिष्ट होते. कोंडी नाहीशी करण्याच्या प्रतिज्ञेपासून ती आटोक्यात ठेवण्याच्या कबुलीपर्यंतचा हा प्रवास आम्हांस मोठा बोधप्रद वाटतो.

माणसे मोजण्याचे धोरण

आपल्या देशात हाच विचार २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात आला. रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना वाटून द्यावी, हे त्या धोरणाचे मध्यवर्ती तत्त्व. त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने पैसा पुरविला. डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातील पहिला बीआरटी प्रयोग सुरू झाला. पाठोपाठ २००८ मध्ये दिल्ली, २००९ मध्ये अहमदाबाद, २०१३ मध्ये भोपाळ व इंदूर, आणि बेळगावच्या वाचकांना ठाऊक असलेला हुबळी-धारवाडचा सुमारे बावीस किलोमीटरचा मार्ग २०१८ मध्ये.

२००९ मध्ये केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीच्या सेवेसाठी दहा निकष ठरवून दिले. सार्वजनिक वाहतूक, पदपथ, सायकलमार्ग, प्रवासाचा वेग, वाहनतळ, अपघात, प्रदूषण अशा बाबी त्यांत आहेत आणि प्रत्येकीला चार श्रेणी. येथे प्रथमच पदपथाला मोटारींच्या वेगाशेजारी स्वतःचा रकाना मिळाला, ही मोठी गोष्ट. तरीही वेगाचा निकष वाचावा. खाजगी वाहनांना पहिली श्रेणी ताशी तीस किलोमीटरपासून पुढे. सार्वजनिक वाहनांना ताशी वीसपासून पुढे. बस ही मोटारीहून सावकाशच चालणार, हे उत्तमातल्या उत्तम शहरासाठीही गृहीत धरले गेले. थांबे घेत जाणाऱ्या बसच्या बाबतीत ते वास्तवही असेल. पण ज्या राखीव मार्गिकांसाठी एवढा खटाटोप चालला होता त्यांचा उद्देश हे अंतर कमी करण्याचाच होता.

दिल्लीत ही दोन मापे न्यायालयात समोरासमोर आली. आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या मार्गामुळे मोटारी खोळंबतात, अशी तक्रार घेऊन काही नागरिक उच्च न्यायालयात गेले. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने संगणकाच्या साहाय्याने तपासणी केली आणि राखीव मार्गिका नसणे अधिक बरे, असा निष्कर्ष दिला. वाहनांच्या हिशेबात तो खोटा नव्हता. परंतु त्या रस्त्यावर बसगाड्या वाहनांत मूठभर आणि त्यांतील प्रवासी माणसांत निम्म्याच्या आसपास होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने धोरणातील ‘माणसे’ हा शब्द प्रमाण मानून याचिका फेटाळली. तो विजय टिकला मात्र नाही. २०१५ मध्ये शासनाने मार्ग मोडण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०१६ मध्ये तो मोडण्यास आरंभ झाला. जानेवारी २०२४ मध्ये भोपाळचा मार्ग काढण्यास सुरुवात झाली. आणि मग इंदूर.

रिकामी दिसणारी मार्गिका

या मार्गांवर लोक का चिडले, हे समजून न घेता त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. राखीव मार्गिका बहुतेक वेळ रिकामी दिसते, हे खरेच आहे. सिग्नलला अडकून पडलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मोकळा रस्ता पसरलेला असतो आणि त्यावर जायची त्याला बंदी असते. त्याचा संताप स्वाभाविक आहे.

परंतु येथेच साधा हिशेब कामाला येतो. उदाहरणादाखल आकडे धरू. राखीव मार्गिकेतून दर दोन मिनिटांनी एक बस जाते आणि तीत साठ माणसे आहेत. तासाला तीस बसगाड्या, अठराशे माणसे. शेजारच्या मार्गिकेतून तासाला आठशे मोटारी जातात आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस आहे. झाली बाराशे माणसे. रिकामी दिसणारी मार्गिका भरलेल्या मार्गिकेहून दीडपट माणसे पोहोचविते. ती रिकामी दिसते, कारण बस आपले काम उरकून निघून गेलेली असते. डोळा जागा मोजतो, माणसे मोजत नाही.

हाच हिशेब उलटाही लागू पडतो, आणि तो लावण्याचे धैर्य बीआरटीच्या पुरस्कर्त्यांनी ठेवले पाहिजे. बस दर दहा मिनिटांनी येऊ लागली की तासाला सहा बसगाड्या आणि तीनशे साठ माणसे. मग तीच मार्गिका खरोखर वाया गेलेली असते. आपल्या शहरांतील वाहतूक दुचाकींची आहे, मोटारींची नव्हे, आणि दाटून चाललेल्या दुचाकी एका मार्गिकेतून मोटारींपेक्षा पुष्कळ अधिक माणसे नेतात, हेही विसरता येत नाही. शिवाय एकाच रस्त्यावर मार्ग आखून बाकीचे शहर बसविना ठेवले, की त्या मार्गाचा उपयोग अर्धाच होतो. रस्त्याच्या मध्यभागी थांबा असल्याने वृद्धांना व लहान मुलांना वाहनांच्या धारेतून पलीकडे जावे लागते. माणसे मोजायची म्हटल्यावर हे सारे मोजावे लागेल. कोणत्याही योजनेला त्यात आंधळे अभय नाही.

इंदूरच्या मार्गावरून रोज पन्नास हजारांच्या आसपास प्रवासी जात असत. या प्रवाशांचा वेळ निर्णयानंतर किती वाढेल, त्यांतील किती जण दुचाकी घेतील, किती रिक्षाला जादा पैसे मोजतील, आणि किती ज्येष्ठ स्त्रीपुरुष घराबाहेर पडणेच कमी करतील, याचा आकडा सार्वजनिक चर्चेत अभावानेच ऐकू आला. चर्चा झाली ती मोकळ्या होणाऱ्या रस्त्याच्या रुंदीची. ३१ मे २०२५ रोजी इंदुरात मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. त्याचेही वर्णन सुमारे सहा किलोमीटर असेच झाले. नागपूर योजनेचे माप असे अजून आपल्या जिभेवर आहे.

कामावर जाणारा माणूस

आपण कामावर कसे जातो, याचे उत्तर २०११ च्या जनगणनेत सापडते. शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणारे सुमारे वीस कोटी लोक तीत नोंदले गेले. त्यांतील सुमारे तीस टक्क्यांना कामासाठी प्रवासच करावा लागत नव्हता. साधारण तेवीस टक्के पायी जात, तेरा टक्के सायकलीने, तितकेच दुचाकीने, अकरा टक्के बसने. मोटार, जीप वा व्हॅनने जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी. त्यानंतर वाहने पुष्कळ वाढली आहेत आणि हे प्रमाण तसेच राहिलेले नसेल. तरीही ज्या देशात कामावर जाणाऱ्यांचा सर्वांत मोठा वर्ग पायी चालत होता, त्या देशाने रस्त्याचे एकक मोटार धरावे, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नव्हे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपली जुनी घरे बहुधा शहरांच्या जुन्या भागांत आहेत. तेथील मंदिर, वाचनालय, शाळा, मंडळाचे सभागृह ही सारी एके काळी चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि आजही नकाशावर तितक्याच अंतरावर आहेत. बदलले आहे ते मधले ओलांडणे. नवी पिढी पुणे-मुंबईस किंवा परदेशी गेली. मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांना कोजागरीच्या कार्यक्रमाला यायचे तर रस्ता कोण पार करून देईल, हा प्रश्न पडतो. समाजाच्या एकत्र येण्याला लागणारी ही किंमत कोणत्याही कोंडीच्या यादीत नोंदली जात नाही. मोटार-एककांत ती शून्य आहे.

गेडिसच्या दिवाळीतील युक्तीचे सामर्थ्य कसोटीच्या साधेपणात होते. कोणती गल्ली स्वच्छ, हे प्रत्येकाला दिसत होते. वाहतुकीचीही अशी कसोटी लावता येईल. शहरातील वीस चौक निवडावेत. वर्षातून दोनदा, सकाळच्या व संध्याकाळच्या गर्दीच्या तासात, तेथून किती माणसे गेली ते मोजावे. बसमधील, दुचाकीवरील, मोटारीतील आणि पायी चालणारी, सारी. सरासरी वेळ किती लागला एवढेच न पाहता, तो रोज सारखाच लागतो की एके दिवशी वीस मिनिटे आणि दुसऱ्या दिवशी पन्नास, हेही टिपावे, कारण नोकरदाराला खरा जाच होतो तो या अनिश्चिततेचा. सत्तर वर्षांच्या माणसाला रस्ता ओलांडण्यास किती वेळ थांबावे लागले, ते लिहावे. आणि हे आकडे वॉर्डाच्या कचेरीबाहेर फलकावर लावावेत. यासाठी परदेशी यंत्रे लागत नाहीत. महाविद्यालयातील विद्यार्थी आणि आपल्यासारख्या संस्थांचे सभासद हे काम करू शकतील.

उद्या पुन्हा एखादा मार्ग बांधण्याचा किंवा मोडण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा दोन्ही पक्षांच्या हाती निदान एकच तक्ता असेल, आणि त्यात माणसांचा रकाना पहिला असेल.